म्हाइंभट: सातशे वर्षांपूर्वीचा रिक्वायरमेंट इंजिनिअर

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वाशीम जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी आम्ही तिघा मित्रांनी सोयाबीन खरेदीचं ॲप बनवलं होतं. ऑफिसात दोन मीटिंग झाल्या, एक गूगल फॉर्म फिरवला, स्क्रीनची चित्रं दाखवली, सगळ्यांनी माना डोलावल्या. शेतकऱ्याचं नाव, सातबारा, पोती, वजन, ओलावा, भाव, बँक खातं. झालं, असं वाटलं.

पहिल्या दिवशी काट्यावर जो पहिला मुलगा आला, त्याच्या हातातला सातबारा आजोबांच्या नावावर. ते वावर दोन वर्षांपासून चुलत्यानं बटईनं केलेलं. माल घेऊन आला हा. आणि पैसे जाणार होते त्याच्या आईच्या खात्यावर. आमच्या ॲपमध्ये रकाना एकच होता: शेतकरी. सातबाऱ्यावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळेना, ॲप पुढे सरकेना. मागे ट्रॅक्टरची रांग. दुपारी बारापर्यंत मापाऱ्यानं मोबाइल खिशात टाकला आणि वही काढली. त्या वहीत पहिल्यापासून चार रकाने होते, हे मला तेव्हा कळलं. ती वही मी कधी मागितलीच नव्हती.

कोडमध्ये बग एकही नव्हता. चूक त्याच्या आधीची होती, आणि ती माझी होती, कारण माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या एका सिनियरनं तेव्हा एक शब्द सांगितला, ऑन्टॉलॉजी. आणि दिवाळीत घरी आलो तेव्हा एमपीएससी करणाऱ्या माझ्या चुलतबहिणीच्या नोट्समध्ये एक माणूस भेटला, म्हाइंभट. शाळेत आपण सगळ्यांनी त्याचं नाव पाठ केलंय: मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ कोणता, लीळाचरित्र, लिहिला कोणी, म्हाइंभटांनी. एक मार्क. त्या एका मार्कामागे केवढं काम आहे ते मला माझं ॲप आपटल्यावर समजलं.

आधी ऑन्टॉलॉजी

हा शब्द तत्त्वज्ञानातला. जगात मुळात काय काय आहे, आणि जे आहे त्याचे प्रकार कोणते, याचा विचार म्हणजे ऑन्टॉलॉजी. कॉम्प्युटरवाल्यांनी तो उचलला. १९९३ मध्ये टॉम ग्रुबर या अमेरिकन संशोधकानं त्याची जी व्याख्या मांडली ती आजही वापरतात. सोप्या मराठीत: एखाद्या क्षेत्रात कोणत्या गोष्टी आहेत, त्यांची एकमेकांशी नाती काय आणि त्यांना लागू होणारे नियम काय, हे सगळ्यांना मान्य होईल आणि मशीनलाही वाचता येईल अशा रीतीनं लिहून काढणं. त्यासाठी २००४ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं ओडब्ल्यूएल नावाची भाषा प्रमाण केली. स्टॅनफर्ड विद्यापीठातून आलेलं प्रोटेजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात गोष्टींचे क्लास आणि नाती भरत जायची.

रिक्वायरमेंट गोळा करताना याचा उपयोग काय? समजा क्लायंट म्हणाला की शेतकऱ्याला पैसे मिळाल्याचा मेसेज गेला पाहिजे. हे वाक्य नकाशावर ठेवायचं. यातला शेतकरी म्हणजे नकाशातला कोण? जमीन ज्याच्या नावावर तो, कसणारा, माल आणणारा की खातेदार? उत्तर येत नसेल तर रिक्वायरमेंट अर्धवट आहे, आणि ते कोड लिहायच्या आधीच कळतं. उलटीकडूनही बघता येतं. नकाशात बटई आहे, पण आपल्या यादीत बटईचा उल्लेख एकाही वाक्यात नाही, म्हणजे कुणाला तरी विचारायचं राहिलंय.

नकाशा बनवणं ठीक, पण त्यात काय भरायचं ते कुठून आणणार? इथे म्हाइंभट येतो.

दिवसाढवळ्या दिवटी

म्हाइंभट गोदावरीच्या पट्ट्यातल्या सराळे गावचा. तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांच्या काळातला माणूस. संस्कृत शास्त्रांत मुरलेला, घरचा बरा आणि वादात कुणाला हार न जाणारा. विद्वत्तेचा त्याला इतका ताठा होता की तो दिवसाढवळ्या दिवटी पेटवून फिरायचा, असं परंपरा सांगते. बाकी सगळे अंधारात आहेत असा त्याचा अर्थ. आमच्या धंद्यात असे लोक मी पाहिलेत. पहिल्या मीटिंगला मीही थोडा तसाच गेलो होतो, दिवटीऐवजी लॅपटॉप होता.

गोदावरीकाठी त्याची गाठ चक्रधरस्वामींशी पडली. चक्रधर मूळचे गुजरातेतल्या भडोचचे. महाराष्ट्रात आले, इथली भाषा त्यांनी आपली केली आणि खेडोपाडी फिरत, साध्या मराठीत, समोर बसलेल्या माणसाला समजेल असं बोलत राहिले. बायका, शूद्र मानले गेलेले लोक, ब्राह्मण, सगळे त्यांच्याभोवती बसायचे. म्हाइंभट वाद घालायला गेला आणि निरुत्तर झाला. लगेच सगळं सोडून शिष्य झाला असं नाही. त्याला वेळ लागला. पण ती भेट त्याच्या डोक्यातून गेली नाही.

या भेटीच्या लीळा लीळाचरित्रातच आहेत. म्हणजे आपला ताठा कसा उतरला हेही त्याच्याच ग्रंथात नोंदलेलं आहे. अजूनपर्यंत मी माझ्या एकाही डॉक्युमेंटमध्ये माझी स्वतःची फजिती लिहिलेली नाही, हा लेख सोडला तर.

१२७४ च्या सुमारास चक्रधर उत्तरेकडे निघून गेले, अशी महानुभाव परंपरा. मागे उरलेले शिष्य नागदेवाचार्यांच्या मागे रिद्धपूरला आले. रिद्धपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं गाव, आमच्या कारंज्याहून अमरावतीला उतरून पुढे जायचं. तिथे चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू होते. म्हाइंभटही तिथे त्यांच्या सेवेत राहिला. १२८० च्या दशकात गोविंदप्रभूही गेले.

आता परिस्थिती बघा. ज्यांच्याकडे सगळं ज्ञान होतं ती दोन्ही माणसं नाहीत. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. जे आहे ते शिष्यांच्या आठवणीत. शिष्य वेगवेगळ्या गावचे, काही म्हातारे झालेले. प्रत्येकाकडे थोडं थोडं. कंपनीतला जुना माणूस रिटायर झाला आणि सिस्टिम कशी चालते हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, हा प्रसंग ज्याच्यावर आला असेल त्याला रिद्धपूरची ती अवस्था कळेल.

विचारत फिरणं

नागदेवाचार्य एकांतात स्वामींच्या आठवणी घोळवत बसायचे. म्हाइंभटानं ते पाहिलं आणि त्याच्या मनात आलं की हे आज आपल्याला आठवतंय, पुढच्यांना कोण सांगणार? त्यानं लिहून काढायचं ठरवलं. रिद्धपुरात वाजेश्वरीला बसून नागदेवांनी सांगायचं आणि यानं उतरवून घ्यायचं, असं काम सुरू झालं.

इथेच थांबला असता तरी ग्रंथ झाला असता. नागदेव पंथाचे प्रमुख, स्वामींच्या जवळचे, स्मरण पक्कं. माझ्या मते बहुतेक सगळे इथेच थांबतात. मी थांबलो होतो. मॅनेजर सगळं जाणतो, त्यानं सांगितलं, मी लिहिलं.

म्हाइंभट मात्र नागदेवांना ठाऊक असलेलं संपल्यावर पोतडी उचलून बाहेर पडला. जी लीळा जिच्यासमोर किंवा ज्याच्यासमोर घडली, त्या माणसाकडे गावोगाव जाऊन त्यानं ती विचारली. महदाइसा ही त्यातली एक. आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण तिला ओळखतो, धवळे तिचे. पण ती भारी चिकित्सक बाई होती. स्वामींना सतत प्रश्न विचारायची, आणि लीळाचरित्रातली बरीच प्रकरणं तिच्या प्रश्नांमुळेच सुरू होतात. रिक्वायरमेंटच्या मीटिंगमध्ये अशी एक बाई असली तर निम्मं काम होतं.

आणलेलं सगळं तो पुन्हा नागदेवांना दाखवायचा. म्हणजे विचारा, लिहा, तपासून घ्या, कमी असेल तर पुन्हा जा. आता आमच्याकडे याला इटरेशन म्हणतात आणि दर पंधरा दिवसांनी करतात.

लिहिण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. एक प्रसंग म्हणजे एक लीळा, तिला छोटं नाव. प्रसंग कुठे घडला, कोण समोर होतं, कुणी काय विचारलं, मग स्वामी काय बोलले किंवा काय केलं. वाक्यं आखूड. फुगवणं नाही, उपमांची आरास नाही. संस्कृत पंडित होता, मनात आणलं असतं तर प्रत्येक पानावर विद्वत्ता ओतली असती. त्यानं ज्याचं बोलणं जसं होतं तसं ठेवलं. त्यामुळे त्यात त्या काळचे खाण्याचे पदार्थ आहेत, कपडे आहेत, नाणी आहेत, मठ-देवळांच्या ओसऱ्या आहेत. स्वामी शिष्यांना रागावले तेही आहे, आणि पंथाच्या प्रमुखांना रागावले तेही. ज्याच्याकडून तपासून घ्यायचं त्याच्याच फजितीचे प्रसंग ग्रंथात राहिले, यात म्हाइंभटाइतकाच नागदेवांचाही मोठेपणा आहे असं मला वाटतं.

ग्रंथाचे भाग तीन: एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध. यातला एकांक म्हणजे स्वामी एकटे हिंडत होते तो काळ. तेव्हा शिष्य कुणीच सोबत नव्हते. त्यामुळे तिथलं सगळं स्वामींनी नंतर शिष्यांना सांगितलेलं, शिष्यांनी म्हाइंभटाला सांगितलेलं. पुढच्या दोन भागांत मात्र डोळ्यांनी पाहणारे आहेत. ऐकीव आणि पाहिलेलं वेगवेगळ्या कप्प्यांत. आमच्या क्षेत्रात याला प्रोव्हेनन्स म्हणतात, म्हणजे ही माहिती कुठून आली त्याची नोंद. आमच्या पहिल्या ॲपच्या डॉक्युमेंटमध्ये कुठल्याही वाक्यासमोर ते कोण बोललं हे लिहिलेलं नव्हतं.

वासना

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. एकाच प्रसंगाबद्दल दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर काय करायचं?

मी काय केलं ते सांगतो. मॅनेजर म्हणाले पोतं म्हणजे वजनाचा हिशोब. हमाल म्हणाले पोतं म्हणजे पोतं, नग. मी मॅनेजरचं धरलं, कारण बिल ते देणार होते. पुढे कळलं की हमालांना मजुरी पोत्यामागे मिळते, भरलेलं असो की अर्धं. म्हणजे एकाच शब्दात वजनाचं माप आणि मजुरीचं माप अशा दोन गोष्टी राहत होत्या आणि दोघंही खरं बोलत होते. मी एकाला खोटं ठरवून मोकळा झालो.

लीळाचरित्राच्या पोथ्यांत वेगळी रीत दिसते. मूळ प्रसंग लिहायचा, आणि कुणाला तो वेगळा आठवत असेल तर त्याची आठवण वासना म्हणून शेजारी नोंदवायची. काही ठिकाणी शोध म्हणूनही नोंद येते. आज आपल्यासमोर आहेत त्या पोथ्यांत यातलं काही म्हाइंभटाच्या काळचं, काही नंतरच्या संपादकांचं मिसळलेलं आहे, पण सवय तीच. दुसऱ्याची आठवण पुसायची नाही. सातशे वर्षांनंतरचा वाचकही बघू शकतो की इथे दोन मतं होती.

या काटेकोरपणाचा फायदा पुढे कामाला आला, आणि तोही वाईट प्रसंगात. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या खलजी सुलतानाच्या फौजा दख्खनेत उतरल्या. त्या धाडीच्या धावपळीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली, असं परंपरा सांगते. एकच मास्टर कॉपी आणि ती गेली. ज्यांनी कधी फोन रीसेट करून फोटो घालवलेत त्यांच्या पोटात आता गोळा आला असेल.

पण ग्रंथ लोकांच्या तोंडी होता. हिराइसा नावाच्या साध्वीला तो पाठ होता. तिच्या आठवणीतून एक पाठ उभा राहिला, त्याला हिराइसा पाठ म्हणतात. परशरामबास, रामेश्वरबास अशा इतरांचे पाठ निराळे. आणि प्रत्येक पाठाला त्या त्या माणसाचं नाव. आज गिटहबवर एकाच प्रोजेक्टच्या शाखा जशा नावानं ओळखतात, थोडंसं तसं. थोडंसंच म्हणतो, कारण तिथे एका बटणानं सगळं परत येतं आणि इथे एका बाईला तो अख्खा ग्रंथ डोक्यात वागवावा लागला होता.

ग्रंथाच्या सालाबद्दल एक गोष्ट बोलून ठेवतो, कारण कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच. परीक्षेच्या पुस्तकांत बहुतेक वेळा १२७८ छापलेलं असतं. पण काम गोविंदप्रभू गेल्यानंतर सुरू झालं हे धरलं तर साल पुढे सरकतं. परीक्षेत पुस्तकातलं लिहा, मार्क मिळतील.

गोळा केलं, मग लावलं

म्हाइंभटानं ऑन्टॉलॉजी बनवली असं मी म्हणणार नाही. त्यानं कच्चा माल आणला, आणि तो इतका नीट आणला की पुढच्यांना त्यातून नकाशे काढता आले.

पहिला नकाशा काढला केसोबासांनी, म्हणजे केशिराजांनी. लीळांमध्ये विखुरलेली स्वामींची वचनं त्यांनी वेचली आणि विषयवार लावली. तो ग्रंथ सूत्रपाठ. त्यात विचार नावाचं प्रकरण निराळं, आचार निराळं. स्वामींनी दिलेले दृष्टांत वेगळे काढले तो दृष्टांतपाठ, ११४ दृष्टांतांचा. या मांडणीत महानुभाव तत्त्वज्ञानाचा पाया स्पष्ट दिसतो: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ, चारही अनादी, आणि चारही एकमेकांपासून वेगळे. देवता म्हणजे परमेश्वर नव्हे, हा त्यातला ठळक भेद.

ओडब्ल्यूएल शिकताना मी पहिल्या आठवड्यात जिथे अडकलो ते हेच होतं. दोन क्लास वेगळे आहेत हे तुम्ही स्पष्ट सांगितलं नाही, तर मशीन समजतं की एकच गोष्ट दोन्हीत असू शकते. वेगळेपण लिहून द्यावं लागतं, त्याला डिसजॉइंट म्हणतात. माणसाला जे उघड वाटतं ते मशीनला उघड नसतं, आणि खरं सांगायचं तर नवख्या माणसालाही नसतं. तत्त्वज्ञानात शिरायची माझी लायकी नाही, मांडणीपुरतं बोलतोय: चार मूळ प्रकार आणि त्यांतला भेद सुरुवातीलाच पक्का केलेला असल्यामुळे पुढचं प्रत्येक वचन कुठे बसवायचं ते ठरवता येतं.

दुसरा नकाशा तर अक्षरशः नकाशाच आहे. स्थानपोथी, चौदाव्या शतकातली. स्वामी ज्या ज्या गावी गेले, ज्या देवळात किंवा ओसरीवर बसले, त्या जागांची गाववार नोंद. देऊळ गावाच्या कुठल्या अंगाला, त्याचं दार कुठल्या दिशेला, स्वामींची बसायची जागा नेमकी कुठे. लीळांमधली स्थळं उचलून त्यांचा वेगळा तक्ता. आज गूगल मॅप्सवर पिन टाकणाऱ्यानं ती एकदा चाळावी.

भाषेचाही एक प्रसंग आहे. केसोबास संस्कृतात लिहू पाहत होते. नागदेवांनी त्यांना अडवलं. स्वामींनी आपल्याला मराठीत सांगितलं, संस्कृतात गेलं तर माझ्या म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित राहतील, अशा अर्थाचं ते बोलले. युजर कोण आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं.

हे वाचताना मला आमचा वाशीमचा ताम्रपट आठवला. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथल्या दुसऱ्या विंध्यशक्ती राजानं आपल्या ३७ व्या राज्यवर्षी दिलेला एक दानाचा ताम्रपट वाशीमला सापडलेला आहे. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. मोठेपणा दरबारी भाषेत, आणि ज्यावरून उद्या भांडण होऊ शकतं तो भाग लोकांच्या भाषेत. म्हाइंभटाच्याही आठ-नऊशे वर्षं आधी, आमच्याच गावात.

पुढे या पोथ्या पंथात सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या जाऊ लागल्या आणि बाहेरच्यांना कित्येक शतकं वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली. त्यानंतर अभ्यासकांची रीघ लागली. बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ मध्ये निघालं. म्हाइंभटानं गोविंदप्रभूंचंही चरित्र लिहिलं होतं, त्याचा ॲन फेल्डहाउस यांनी इंग्रजी अनुवाद केला. आणि रिद्धपूरला २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ आहे.

आमच्या ॲपचं पुढे काय झालं

नागदेव आणि म्हाइंभट वाचून मी आधी लाजलो आणि मग वही घेऊन काट्यावर बसलो. आठ दिवस. मापारी, हमाल, ट्रॅक्टरवाले, ऑफिसातली हिशोब लिहिणारी ताई, आणि माल विकायला आलेली माणसं. प्रत्येक वाक्यासमोर ते कोण बोललं ते लिहिलं. पहिल्या वेळी ज्याला कुणीच काही विचारलं नव्हतं तो मापारी सगळ्यात जास्त बोलला. बटईचे प्रकार, मक्त्याचे प्रकार, सामाईक सातबारा, वारस लागायचे राहिलेले, सगळं त्यानं एका चहात सांगितलं.

मग प्रोटेजे उघडून शेतकरी हा क्लास पुसला. त्याच्या जागी चार भूमिका आल्या: जमीनधारक, कसणारा, आणणारा, पैसे घेणारा. माणूस एकच असू शकतो, चार वेगळेही असू शकतात. इथे डिसजॉइंट लावायचं नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवलं. पोत्याचे दोन झाले, नग आणि वजन. ओलाव्याचा नियम कोडमधून काढून नकाशात ठेवला, आणि ते बरं झालं. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते; २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारनं ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. आम्हाला एक आकडा बदलावा लागला, बाकी कशाला हात लावला नाही.

आणखी एक गोष्ट केली, ती १९९५ मध्ये टोरांटोच्या ग्रुनिंगर आणि फॉक्स या दोघांनी सुचवलेली. नकाशा पूर्ण झाला की नाही हे तपासायला आधी प्रश्नांची यादी करायची, ज्यांची उत्तरं त्या नकाशातून मिळालीच पाहिजेत. आमचे प्रश्न मापाऱ्यानं काढून दिले. बटईदार मध्येच सोडून गेला तर पट्टी कुणाच्या नावानं? दोन भावांचा माल एकाच ट्रॉलीत आला तर? खातं बंद पडलं असेल तर? ही यादी वाचली आणि मला महदाइसा आठवली.

गेल्या हंगामात ॲप चाललं. वहीही शेजारी होती, आणि मी ती बंद करा असं म्हटलं नाही. एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. नवरा गेलेली एक बाई माल घेऊन आली. सातबारा अजून त्याच्याच नावावर, फेरफार झालेला नाही, दिरानं हरकत घेतलेली. मॅनेजर म्हणतात अशा वेळी पैसे थांबवायचे. मापारी म्हणतो पेरलं तिनं, कापलं तिनं, पैसे तिचे. त्या दिवशी तिचं सोयाबीन मोजून घेतलं, पावती वहीतून फाडून दिली, आणि पैशाचा रकाना कोरा ठेवला.

आमच्या नकाशात या जागी आता दोन नोंदी आहेत, दोघांच्या नावानं. वर मी शब्द लिहिलाय, वासना. पुढच्या आठवड्यात त्या बाईलाच विचारायला जाणार आहे. तिचं म्हणणं अजून कुणीच लिहून घेतलेलं नाही.